डिसेंट सुरू झाला की कपाळ ठणकतं: विमान चालवणाऱ्यांच्या सायनसदुखीचं निवारण

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. टेक-ऑफला काही नाही, क्लाइंबमध्ये काही नाही, क्रूझमध्ये तर सर्दी झालीय हेही विसरायला होतं. डिसेंट सुरू होऊन हजार-दोन हजार फूट खाली आलं की एका भुवईच्या वर टोचायला लागतं. दोन मिनिटांत त्या टोचण्याची कळ होते, डोळ्याला पाणी सुटतं, आणि नेमकं त्याच वेळी एटीसीकडून (हवाई वाहतूक नियंत्रणाकडून) हेडिंग, स्पीड, फ्रीक्वेन्सी एकामागून एक येत असतं. उतरल्यावर काही तासांत दुखणं ओसरतं, म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही. पुढच्या सर्दीला पुन्हा तेच.

हे मुख्यतः विमान चालवणाऱ्यांसाठी आहे: धुळे, बारामती, गोंदियाला उड्डाणाचे तास भरणारी मुंबईची मुलंमुली, जुहूहून हेलिकॉप्टर नेणारे, एअरलाइनवाले. केबिन क्रूलाही बहुतेक सगळं लागू पडतं. प्रवाशांसाठी थोडं शेवटी आहे.

दुखतं उतरतानाच का?

नाकाच्या आजूबाजूला कवटीत हवेच्या पोकळ्या असतात: कपाळात फ्रंटल, गालात मॅक्सिलरी, दोन डोळ्यांच्या मधे एथमॉइड आणि पार मागे, कवटीच्या तळाशी, स्फेनॉइड. प्रत्येकीची वाट नाकात उघडते, पण ती फार अरुंद असते. गालातल्या सायनसचं तोंड दोन-चार मिलिमीटरचं, तेही तळाशी नाही तर वरच्या अंगाला. कपाळातल्या सायनसची वाट लांब आणि वाकडी. म्हणूनच विमानात सर्वांत जास्त वेळा कपाळच धरतं.

समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कल असतो, ८,००० फुटांवर साधारण ७५३. गालातल्या एका सायनसमध्ये सुमारे १५ मिलिलिटर हवा मावते. ८,००० फुटांवरची ही १५ मिलिलिटर हवा मुंबईच्या धावपट्टीवर, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीला, आकसून ११ मिलिलिटर होते. राहिलेली ४ मिलिलिटरची जागा भरायला नाकातून हवा आत शिरायला हवी. तोंड सुजून बंद असेल तर ती शिरत नाही. मग पोकळीचं अस्तरच आत ओढलं जातं, सुजतं, त्यातून पाणी पाझरतं, कधी रक्तही. उतरल्यावर नाक शिंकरलं की रुमालावर लालसर डाग दिसतो तो हाच.

चढताना त्रास कमी असतो, कारण आतली हवा प्रसरण पावते आणि सुजलेलं तोंड आतून ढकलून बाहेर पडते. उतरताना तीच सूज किंवा एखादा पॉलिप बाहेरून तोंडावर दाबून बसतो. सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखं, फक्त एकाच दिशेने वाट. त्यामुळे ‘चढताना काही झालं नाही, म्हणजे आज नाक ठीक आहे’ हा हिशेब फसवा आहे. चढाई सुखाची झाली यावरून उतरण्याबद्दल काहीच कळत नाही.

कानाशी याची गल्लत करू नका. कानात दडे बसले तर गिळून, जांभई देऊन किंवा नाक दाबून हवा फुंकून ते सुटतात, कारण कानाच्या नळीला उघडणारा स्नायू असतो. सायनसच्या तोंडाला असा स्नायू नाही. तुम्ही कितीही गिळा, च्युइंगगम चघळा, जबडा फिरवा. कान सुटेल, कपाळ नाही. हवेत असताना तुमच्या हातात दोनच गोष्टी असतात: दाब किती वेगाने बदलतोय, आणि नाकातली सूज. बाकीचे सगळे उपाय जमिनीवरचे.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना चकवते. ३०,००० फुटांच्या आसपास हजार फूट उतरलं तर दाब १४ हेक्टोपास्कलच्या आत-बाहेर बदलतो. समुद्रसपाटीजवळ तेच हजार फूट ३६ हेक्टोपास्कलचे होतात. म्हणजे प्रेशराइज्ड नसलेल्या (आत दाब न राखणाऱ्या) सेस्ना १५२ किंवा १७२ मध्ये, कमी उंचीवर उडतानाच, सायनसला पूर्ण मार बसतो. हजार फुटांच्या सर्किटमध्येही (धावपट्टीभोवती फेरी मारून पुन्हा उतरण्यातही) तो बसतो, आणि एका तासात आठ-दहा सर्किट केली तर तितक्या वेळा बसतो. पहिल्या दोन लँडिंगला नुसतं जड वाटतं, अस्तर थोडं सुजतं, तिसऱ्या-चौथ्याला वाट पूर्ण बंद होते. ‘आज तर फक्त सर्किटच आहेत’ ही सर्दीत उडण्यासाठीची सबब म्हणूनच टिकत नाही.

नेमकं कुठे दुखतंय ते आधी पाहा

भुवईच्या वर, एका बाजूला, कळ: फ्रंटल. गालाचं हाड, वरच्या दाढा, कधी वरच्या ओठापर्यंत बधिरपणा: मॅक्सिलरी. दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या मुळाशी: एथमॉइड. डोक्याच्या माथ्यावर, मानेच्या वर किंवा डोळ्यांच्या मागे खोल, बोट ठेवून दाखवता येत नाही असं: स्फेनॉइड. शेवटचं कमी आढळतं, पण दुर्लक्ष सर्वांत जास्त त्याचंच होतं, कारण ते डोकेदुखी म्हणून खपून जातं.

दाढ दुखत असेल तर दोन शक्यता वेगळ्या करा. उतरताना एका बाजूच्या दोन-तीन दाढा मिळून दुखतात आणि पुढे वाकल्यावर वाढतं, तर बहुधा सायनस. चढताना एकच दाढ ठणकते, आणि चमच्याच्या दांड्याने हलकंच ठोकल्यावर तीच कळवळते, तर दाताचा डॉक्टर गाठा. दोन्ही एकत्रही असू शकतं, त्याबद्दल पुढे.

तिसरी एक गोष्ट आहे जिचं नाव फारसं कुणी घेत नाही. काहींना लँडिंगच्या वेळी एका डोळ्याच्या वर भोसकल्यासारखी कळ येते, सर्दी नसताना येते, आणि उतरल्यावर साधारण अर्ध्या तासात पूर्ण थांबते. नाक स्वच्छ, सीटी स्कॅन स्वच्छ. विमानप्रवासामुळे होणारी डोकेदुखी म्हणून आंतरराष्ट्रीय डोकेदुखी वर्गीकरणात तिची स्वतंत्र नोंद आहे. अशा माणसावर सायनसचे उपचार वर्षभर केले तरी फरक पडत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाने नाकात दोष नाही असं सांगितलं, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

हवेत असताना दुखायला लागलं तर

पहिल्या टोचणीलाच काहीतरी करायचं. कळ पूर्ण चढल्यावर अस्तर इतकं सुजलेलं असतं की नंतरचं सगळं अर्धवटच लागू पडतं.

१. डिसेंट थांबवा. लेव्हल व्हा, म्हणजे उंची स्थिर ठेवा. एटीसीला लगेच सांगा. ‘अनेबल टू डिसेंड ड्यू मेडिकल’ एवढं पुरतं. मुंबईच्या अप्रोचला रांग मोठी असते म्हणून संकोच करू नका. उशिरा सांगितलं तर तुम्हाला रांगेतून काढणं त्यांनाही जड जातं.

२. दुखणं थांबेपर्यंत परत वर जा. बहुधा हजार-दोन हजार फूट पुरतात. व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी पाहून उडणारे) असाल तर आधी वर पाहा. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या अंगाला वर चढणं म्हणजे ढगात शिरणं ठरू शकतं. सायनससाठी ढगात जायचं नाही. अशा वेळी आहे त्याच उंचीवर, डोंगरापासून दूर, फेऱ्या मारत थांबा.

३. ऑक्सिमेटाझोलिन ०.०५ टक्के किंवा झायलोमेटाझोलिन ०.१ टक्का स्प्रे: दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा, पाच मिनिटांनी पुन्हा एकेक. पहिल्याने पुढचा भाग मोकळा होतो, दुसरा खरा आतपर्यंत पोचतो. डोकं किंचित पुढे, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, नोजल मधल्या पडद्याकडे नाही तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने. त्यानंतर आणखी दहा मिनिटं थांबा. ही दहा मिनिटं खाऊन टाकण्याचा मोह सगळ्यांना होतो.

४. नाक दाबून फुंकायचं तर अगदी हलकं, दोन सेकंदांच्या आत, विमान सरळ असताना. याचा सायनसला मर्यादितच उपयोग होतो. जोरात फुंकलं तर एका कानातला दाब अचानक बदलून चक्कर येते, आणि टर्नमध्ये ती आली तर दुखण्यापेक्षा मोठं संकट. नाकातून पिवळा-हिरवा शेंबूड येत असेल तर फुंकूच नका. तो आत ढकलला जातो.

५. मग २०० ते ३०० फूट प्रति मिनिटाने उतरा. पुन्हा टोचलं तर पुन्हा लेव्हल.

६. इंधन किंवा हवामान थांबू देत नसेल तर दुखणं सोसून उतरावं लागेल. अशा वेळी ‘पॅन-पॅन’ (तातडीचा रेडिओ संदेश) म्हणायला लाजू नका, लांब आणि सोपी धावपट्टी मागा. दोन वैमानिक असतील तर कंट्रोल्स लगेच दुसऱ्याकडे द्या. डोळ्यांतून पाणी वाहत असताना ‘मी करतो’ म्हणणं ही बहादुरी नव्हे. कळ शॉर्ट फायनलला (धावपट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्यात) शिखरावर असते, कारण दाब तिथेच सर्वांत वेगाने वाढत असतो.

हळू उतरण्याचा हिशेब आधीच मांडून ठेवा. ७,५०० फुटांवरून १,००० फुटांपर्यंत ५०० फूट प्रति मिनिटाने १३ मिनिटं लागतात. १०० नॉटच्या ग्राउंड स्पीडला सुमारे २२ नॉटिकल मैल. २५० ने तेच २६ मिनिटं आणि ४३ मैल होतात. म्हणजे टॉप ऑफ डिसेंट (उतरायला सुरुवात करण्याची जागा) दुप्पट आधी. नाक थोडंही भरलेलं असेल तर क्रॉस-कंट्रीच्या नेव्हिगेशन लॉगवरच हा आकडा पेन्सिलीने लिहा आणि अर्ध्या तासाचं जास्तीचं इंधन धरा. पॉवर ठेवून हळूहळू उतरलेलं इंजिनलाही मानवतं.

एअरलाइनच्या विमानात गोष्ट थोडी वेगळी. तुम्ही ३५,००० फुटांवर असलात तरी आतल्या दाबाच्या हिशेबाने केबिन जास्तीत जास्त ८,००० फुटांवर असते; बोईंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये ६,००० च्या आसपास. केबिन मिनिटाला साडेतीनशे फुटांनी उतरली तर ८,००० ते शून्य व्हायला तेवीसेक मिनिटं लागतात. म्हणजे इथे सायनसला मिळणारा वेग विमानाच्या नव्हे, केबिनच्या व्हर्टिकल स्पीडने ठरतो. डिसेंट लवकर आणि उथळ सुरू केला तर प्रेशरायझेशन सिस्टीम केबिनही सावकाश उतरवते; उशिरा सुरू करून ‘एक्स्पिडाइट’ (लवकर उतरा असा आदेश) घ्यावं लागलं तर केबिनचा वेग वाढतो. ब्रीफिंगमध्येच सहवैमानिकाला नाक भरल्याचं सांगा, म्हणजे थोडा आधी डिसेंट मागायला तो कुरकुरणार नाही. तसं सांगण्याइतकं नाक भरलेलं असेल तर मुळात ड्यूटी घ्यायची का, हा प्रश्न आहेच.

लेह हा अपवाद लक्षात ठेवा. तिथली धावपट्टी १०,६०० फुटांच्याही वर. उतरताना केबिन खाली येण्याऐवजी वर जाते, त्यामुळे तिथे पोचताना सायनस शांत राहतं. परतीला मात्र टेक-ऑफ झाल्या-झाल्या, विमान चढत असताना, केबिन उतरायला लागते. क्लाइंबमध्ये कपाळ दुखलं म्हणून गोंधळून जाऊ नका.

उडायचं की नाही: जमिनीवरची तपासणी

स्प्रे मारून नाक मोकळं झालं म्हणून उडायला निघणं, ही या सगळ्यातली सर्वांत सामान्य चूक. स्प्रेने नाकातली सूज उतरते; सायनसच्या वाटेतली तितकीच उतरली असं नाही. ऑक्सिमेटाझोलिन आठ ते बारा तास टिकतं, पण डायव्हर्शन (दुसऱ्या विमानतळाकडे वळणं), होल्डिंग (हवेत घिरट्या घालत थांबणं), दुसरा सेक्टर (त्याच ड्यूटीतलं पुढचं उड्डाण) यांत ते संपतं आणि सूज उलट्या जोराने परत येते, नेमकी डिसेंटला. बॅगेतला स्प्रे हा खाली सुखरूप येण्यासाठी आहे. वर जाण्यासाठी तो परवाना नव्हे.

स्प्रे न मारता, ड्यूटीच्या दोन तास आधी, हे करून पाहा:

पुढे वाकून डोकं गुडघ्यांजवळ वीस सेकंद धरा. कपाळात किंवा गालात जड-ठणका आला तर आज नाही. अंगठ्याने भुवईच्या आतल्या कोपऱ्याखाली आणि गालाच्या हाडावर दाबा. एका बाजूला जास्त दुखलं तरीही नाही. स्टीलची ताटली फ्रीजमध्ये पाच मिनिटं ठेवून नाकाखाली धरा आणि श्वास सोडा. दोन नाकपुड्यांची वाफ दोन डागांत दिसते. एक डाग लहान असणं चालतं, कारण नाकपुड्या दिवसभर आलटून-पालटून सुजतातच. पण एक डाग जवळजवळ उमटतच नसेल, आणि दोन तासांनीही तसंच असेल, तर ती बाजू बंद आहे. नाक दाबून हलकं फुंकल्यावर दोन्ही कान सारखे सुटतात का तेही पाहा. हे कानाबद्दल सांगतं, सायनसबद्दल थेट नाही. पण कान सुटत नसेल तर सायनसबद्दल विचारायचीही गरज नाही.

मुंबईकरांच्या हाताशी आणखी एक फुकट चाचणी आहे. लोणावळा सुमारे २,००० फुटांवर. तिथून बोरघाट उतरून खोपोलीला आलात की दाब साधारण ६० हेक्टोपास्कलने वाढतो. हे दोन सर्किटांएवढं ओझं. रविवारी घाट उतरताना कपाळ दुखलं, तर सोमवारची सॉर्टी (उड्डाण) रद्द करायला दुसरं कारण लागत नाही. मात्र घाटात दुखलं नाही यावरून उडायला हरकत नाही असं समजू नका; क्रॉस-कंट्रीचं ओझं याच्या तिप्पट-चौपट असतं.

सॉर्टी रद्द केली की तास मागे पडतात, पैसे जातात, इन्स्ट्रक्टरचं तोंड वाकडं होतं, हे खरं. पण एकदा सायनसमध्ये रक्त साकळलं की आठवडे जातात.

मेडिकलच्या दुकानातून काय घ्यायचं नाही

सर्दीच्या गोळीची पट्टी उलटी करून वाचा. बहुतेकांवर पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन अशी त्रयी दिसेल. यातलं पोटात घेतलेलं फिनाइलएफ्रिन नाक मोकळं करत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने तोच निष्कर्ष काढला आणि २०२४ मध्ये एफडीएने ते यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. क्लोरफेनिरामिन झोप आणतं, आणि शरीरातलं त्याचं प्रमाण अर्ध्यावर यायलाच वीसेक तास लागतात. म्हणजे गोळी घेऊन उडणाऱ्याला नाकाचा फायदा शून्य आणि सुस्ती पुरेपूर. सेटिरिझिनही अनेकांना पेंगवतं. ॲलर्जीसाठी गोळी लागणारच असेल तर फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिनबद्दल तुमच्या एव्हिएशन मेडिकल डॉक्टरशी बोला, आणि पहिली मात्रा सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहा. स्प्रेचंही तसंच: पहिला फवारा आयुष्यात पहिल्यांदा कॉकपिटमध्ये मारायचा नाही. रक्तदाब, काचबिंदू, थायरॉइड किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर स्प्रेआधी विचारून घ्या.

खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर ते डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नशाकारक पदार्थांच्या चाचणीत ओपिएट म्हणून उमटू शकतं. सायनसवर होमिओपॅथीचे थेंब घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यातली बहुतेक मदर टिंक्चर अल्कोहोलमध्येच बनवलेली असतात. २०२३ मध्ये डीजीसीएने नियम सुधारून अल्कोहोल असलेली औषधं, माउथवॉश, टूथ जेल क्रूने वापरू नयेत असं स्पष्ट केलं आहे. असं औषध चालू असेल तर ड्यूटीआधी कंपनीच्या डॉक्टरला सांगणं बंधनकारक आहे. ब्रेथ ॲनालायझर होमिओपॅथी आणि व्हिस्की यांत फरक करत नाही.

खिशातली मेंथॉल-कापराची इनहेलर कांडी निरुपद्रवी आहे, पण ती नाक उघडत नाही. मेंथॉलमुळे नाकातल्या थंडाव्याच्या नसा चाळवतात आणि मोकळं झाल्याचा भास होतो. हवा तेवढीच जाते. उडायचं की नाही ते या भासावर ठरवू नका. कपाळावर बाम किंवा सुंठीचा लेप लावायला हरकत नाही, घरी, झोपताना.

दर महिन्याला होत असेल तर

वर्षातून एकदा, मोठ्या सर्दीत दुखलं तर ती सर्दी. दर दोन महिन्यांनी, आणि प्रत्येक वेळी त्याच बाजूला दुखत असेल, तर तिथे काहीतरी कायमचं आहे. वाकडा पडदा, नाकातल्या मधल्या कोंबात (टर्बिनेट) हवेची पोकळी, पॉलिप, ॲलर्जी, बुरशीचा गोळा, किंवा वरच्या दाढेच्या मुळाचा संसर्ग. शेवटचं वारंवार सुटून जातं. एकाच बाजूने घाण वास येणारा स्राव असेल तर नाकाच्या डॉक्टरआधी दाताचा एक्स-रे काढा. दाढ बरी केल्याशिवाय गालातलं सायनस बरं होत नाही.

स्प्रेचंच व्यसन हेही कारण असतं. तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त सलग वापरला की नाक त्याच्याशिवाय सुजलेलंच राहतं. दर डिसेंटला स्प्रे लागतो असं म्हणणाऱ्यांपैकी काहींचा आजार स्प्रे हाच असतो.

मुंबईत ॲलर्जीला निमित्तांची कमी नाही. पावसाळ्यात भिंतींना ओल आणि बुरशी, गादीतले धुळीचे किडे, वर्षभर बांधकामांची धूळ, डिसेंबर-जानेवारीत खाली बसणारा धुरकट थर, आणि या सगळ्यावर लेओव्हरच्या हॉटेलातला रात्रभरचा कोरडा एसी. ॲलर्जी असेल तर मुख्य औषध म्हणजे नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. तो दुखल्यावर मारायचा नसतो. रोज मारायचा, आणि पूर्ण असर यायला एक-दोन आठवडे द्यायचे. तीन दिवसांत फरक नाही म्हणून सोडणारे सर्वाधिक. नोजल मधल्या पडद्यावर रोखलं तर नाकातून रक्त येतं. तेव्हाही दोष औषधाचा नसून हाताचा असतो.

जलनेती उपयोगी आहे, नीट केली तर. पाव लिटर पाणी खळखळून उकळल्यावर किमान एक मिनिट तसंच उकळत ठेवा, झाकून कोमट होऊ द्या. त्यात सव्वादोन ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट अर्ध्या चमच्याला थोडं कमी, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. आयोडीन नसलेलं मीठ कमी झोंबतं. औषधाच्या दुकानातल्या तयार पुड्या सर्वांत सोप्या. नळाचं पाणी तसंच वापरायचं नाही, फिल्टरमधून आलेलंही नाही: पाण्यातला नेग्लेरिया अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो. मिठाचं प्रमाण चुकलं तर नाक झोंबतं आणि आणखी सुजतं, मग लोक नेतीलाच दोष देतात. ड्यूटीच्या आधी किमान दोन तास नेती संपलेली असावी, कारण सायनसमध्ये अडकलेलं पाणी पुढे वाकल्यावर अर्ध्या तासानेही टपकतं.

थेंब वापरत असाल तर बसून डोकं मागे टाकून घातलेले थेंब सरळ घशात उतरतात. कुशीवर झोपा, डोकं खांद्याच्या पातळीखाली, खालच्या नाकपुडीत थेंब, दोन मिनिटं तसेच राहा, मग कूस बदला.

महिनाभर हे करूनही दुखत असेल तर सीटी पीएनएस (सायनसचा सीटी स्कॅन) करा: कॉन्ट्रास्ट नको, कोरोनल कटसह. साधा पीएनएस एक्स-रे अजूनही लिहून दिला जातो. फ्रंटल सायनसच्या वाटेबद्दल तो जवळपास काहीच सांगत नाही. ऐन सर्दीत सीटी काढला तर सगळंच भरलेलं दिसतं, म्हणून उपचार झाल्यावर काढा. दुर्बिणीची शस्त्रक्रिया किंवा फुगा घालून वाट रुंद करणं हे त्यानंतरचं. उडणाऱ्या माणसात त्याचे परिणाम चांगले असतात, कारण दोष बहुधा अरुंद वाटेचाच असतो. शस्त्रक्रियेआधी मेडिकल एक्झामिनरला कळवा. काही काळ टेम्पररी अनफिट राहावं लागेल, पण लपवलेली शस्त्रक्रिया पुढच्या मेडिकलला निघाली तर प्रकरण नाकापुरतं राहत नाही.

एकदा दुखून गेल्यावर

त्या दिवशी पुन्हा उडू नका. दुसरा सेक्टर सोडा. घरी पॅरासिटामॉल, पाच-दहा मिनिटं साधा वाफारा, झोपताना डोकं उंच. रक्त आलं असेल तर दोन दिवस जोरात शिंकरू नका. साधी केस एक-दोन आठवड्यांत बसते; सायनसमध्ये रक्त साकळलं असेल तर जास्त, आणि ते सीटीशिवाय कळत नाही. दुखणं थांबणं म्हणजे बरं होणं नव्हे: वाकून डोकं खाली नेण्याची चाचणी आणि ताटलीची चाचणी सलग तीन दिवस, स्प्रेशिवाय, साफ निघायला हवी.

डोळ्याभोवती सूज, एकाची दोन दिसणं, नजर अंधुक होणं, कपाळावर मऊ फुगवटा, ताप आणि मान आखडणं, किंवा वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा पातळ थेंब सतत पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. विमानतळाजवळ असाल तर कूपर, नाही तर सायन, नायर, केईएम. इमर्जन्सीत जाऊन ‘विमान उतरताना सायनसचं दुखणं सुरू झालं’ हे पहिलं वाक्य सांगा.

प्रवाशांसाठी

तुम्हाला डिसेंट थांबवता येत नाही, म्हणून वेळ साधा. लँडिंगच्या साधारण अर्धा तास आधी विमान उतरायला लागतं. स्प्रे त्याच्या वीस-तीस मिनिटं आधी हवा. दिल्लीला जाताना टेक-ऑफनंतर तासाभराने. गोव्याला उड्डाणच इतकं छोटं की बोर्डिंगच्या आधी गेटवरच मारा. हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या नाही. उतरताना झोपू नका, सरळ बसा. बटाट्याएवढं नाक घेऊन प्रवास टाळता येत असेल तर तिकीट बदला. त्या पैशात ईएनटीची फी आणि सीटी दोन्ही होत नसले, तरी एक नक्की निघतं.